बोटीने केरळ, दोघांसाठी

रविवार, १२ ऑक्टोबर १९९७. सकाळी ७.१०

निर्णय झाला. डिसेंबरात केरळ. बोटीने. टूरिस्ट बोट नव्हे, गावची माणसं बाजाराला जातात ती सरकारी बोट. पाठीवर सॅक, हातात नकाशा, बस्स.

मागच्या आठवड्यात ऑफिसात क्लायंटकडून एक जर्मन आला होता. सहा महिने नुसता नद्यांमधून फिरलेला. लंचला सगळे खाणं सोडून त्याचं ऐकत होते. मी आठ वर्षं बंगलोरमध्ये सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहितोय. माझं असं कोणी कधी ऐकलेलं नाही, आणि मॅन्युअलं कोणी वाचलेली नाहीत. तेव्हाच ठरवलं. परत आल्यावर पुस्तक. 'नदीमार्गे दक्षिण भारत.' मराठीत असं पुस्तक नाही. असणार कुठून. आपल्याकडे प्रवास म्हणजे बसमध्ये भेंड्या आणि डब्यात चकल्या.

क्षमा हो म्हणाली. चहा गाळताना, वर न बघता, पण हो म्हणाली. जूनपासून ती कशालाच हो म्हणालेली नाही.

जूनचं एकदाच लिहून टाकतो, म्हणजे परत नको. पाचव्या महिन्यात बाळ गेलं. मी तेव्हा ट्रेकिंग क्लबबरोबर दांडेलीच्या जंगलात होतो. निरोप उशिरा मिळाला. जंगलात फोन नसतो, हा काही माझा गुन्हा नाही. घरमालकीण सोयराबाईंनी तिला रिक्षाने नर्सिंग होममध्ये नेलं. सगळं व्यवस्थित पार पडलं. विषय संपला.

रविवार, २ नोव्हेंबर

सराव. सॅकमध्ये मॅन्युअलचे तीन खंड, पाण्याच्या बाटल्या आणि एक वीट भरून जयनगर ते लालबाग चालत. लालबागच्या खडकावर चढून सूर्योदय बघायचा होता. सूर्य आमच्या आधी पोचला.

क्षमाने सॅक घेतली नव्हती. म्हणाली, मी चालते ना नुसती. माझ्या पुढे चालत होती. खडकावर एक म्हातारे गृहस्थ तिच्याशी कन्नडमध्ये बोलायला लागले, तीही बोलत बसली. बँकेच्या काउंटरवर बसून बसून तिला कन्नड येतं. मला गरज पडली नाही. स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे ठीक, या दोन शब्दांवर आठ वर्षं निघाली, यातच काय ते आलं.

येताना रिक्षा केली. खांद्याचं कारण नाही. सॅकचा पट्टा निकृष्ट आहे.

रविवार, ३० नोव्हेंबर

कपाटात कागद शोधताना क्षमाचा बदलीचा अर्ज दिसला. पुणे. सगळा भरलेला, फक्त सही बाकी. एकतीस डिसेंबरपर्यंत द्यायचाय.

विचारलं. म्हणाली, "भरून ठेवलाय. बघू." मी म्हटलं, माझं इथलं करिअर? ती म्हणाली, "अर्ज माझ्या बदलीचा आहे, नंदू."

हे सगळं डोक्यात साचल्यामुळे होतं. मोकळी हवा, पाणी, नारळाची झाडं. चार दिवसांत माणूस बदलतो. आल्यावर ती स्वतःच तो अर्ज फाडेल. मी त्या वेळी काही बोलायचं नाही, फक्त हसायचं, असं ठरवलं आहे.

रविवार, १४ डिसेंबर

सामानाची विभागणी. माझ्याकडे नकाशा, होकायंत्र, टॉर्च, वही, गोळ्या, दोरी, छत्री. तिच्याकडे कपडे आणि खाणं.

रिझर्व्हेशन केलेलं नाही. क्षमाने तीनदा विचारलं. बॅकपॅकर रिझर्व्हेशन करत नाही. रिझर्व्हेशन झालं की प्रवास संपतो आणि उरते नुसती वाहतूक. हे वाक्य पुस्तकात घ्यायचं.

सोयराबाई वर आल्या. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून इथलं, मराठी आपलंच पण मधे मधे कन्नड. क्षमाला म्हणाल्या, "अक्का, तब्येत सरी आहे ना? पाण्यावर जाणार तर शाल घे." मला काही म्हणाल्या नाहीत. जूननंतर त्या माझ्याशी फक्त पाण्याच्या मोटरबद्दल बोलतात.

शनिवार, २० डिसेंबर. अलेप्पी, लॉज

गाडीत जनरलच्या डब्यात चौदा तास. मी संडासाशेजारी सॅकवर. क्षमाला सेलमच्या पुढे एका कुटुंबाने सरकून जागा दिली. त्यांच्या मुलीला मांडीवर झोपवून ती सकाळपर्यंत तशीच बसून होती. मी दोनदा खुणेने विचारलं, पाय अवघडले का. तिने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

एर्नाकुलमहून बस. लॉज कालव्याकाठी आहे, म्हणजे खिडकीतून कालवा दिसतो. वासही येतो. क्षमा म्हणाली, शेजारचं लॉज स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, तिथे टूरिस्ट उतरतात. ती म्हणाली, "आपण कोण आहोत?"

प्रश्न खोल आहे. पुस्तकात घ्यायला हरकत नाही.

रविवार, २१ डिसेंबर. सकाळी १०.२५, बोटीवर

निघालो. लाकडी बोट, दोन्ही बाजूंना बाकं, वर गुंडाळलेल्या ताडपत्र्या. पुढे सुकाणूवाला उभा. त्याने घंटेची दोरी ओढली की खालचा इंजिनवाला वेग कमी-जास्त करतो. पन्नास-साठ माणसं, कोंबड्या, एक शिवणयंत्र. बॅकपॅकर आम्ही दोघेच. अस्सल अनुभव.

क्षमा कडेच्या बाकावर, हात बाहेर सोडून. पाण्याच्या पातळीच्या खाली भातशेतं आहेत, मधे फक्त बांध. मी तिला याचं शास्त्रीय कारण समजावून सांगितलं. कारण मला नीट माहीत नाही, पण साधारण तसंच असणार.

१०.५०

क्षमाच्या शेजारी एक साठीच्या बाई येऊन बसल्या आहेत. पांढरी साडी, काळी छत्री. अम्मिणी नाव. बत्तीस वर्षं बंगलोरच्या हॉस्पिटलांत नर्स होत्या, आता रिटायर होऊन नदीकाठच्या आपल्या गावी, कावालमच्या पुढे राहतात. कन्नड फाडफाड. क्षमा बंगलोरची हे म्हणे लांबूनच ओळखलं, चपलांवरून. जयनगरच्या कॉम्प्लेक्समधल्या चपला.

ठीक. पुस्तकात 'स्थानिक लोक' म्हणून एक परिच्छेद होईल.

११.१५

दोघी बोलताहेत. थांबतच नाहीत. मला एक शब्द कळत नाही. मधे एकदा 'जून' ऐकू आलं. महिन्यांची नावं सगळीकडे सारखीच, ही एक अडचण आहे. मग बाईंनी काहीतरी विचारलं आणि क्षमा माझ्याकडे न बघता बोटं मोजून दाखवायला लागली. पाच. बाई माझ्याकडे बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. बहुधा सॅक बघत असाव्यात, इथे असल्या सॅक मिळत नाहीत.

क्षमा रडतेय असं वाटलं. नीट बघितलं तर रडतच होती. बाईंनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं नाही की काही नाही. नुसता हात धरून बसल्या, नाडी बघतात तसा. समोरच्या कोंबडीवाल्याने तोंड फिरवलं. मीही नकाशा काढला. अशा वेळी माणसाला एकांत द्यावा.

११.४०

नकाशाप्रमाणे पुढच्या धक्क्यावर बोट बदलायला हवी, तरच मधल्या फाट्याने जाता येईल. तिकीटवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, सिट, सिट, सेम बोट. मी नकाशा दाखवला. त्याने नकाशा उलटा करून माझ्या हातात परत दिला. मी तो उलटा धरला होता हे खरं, पण फाटा आहेच.

क्षमा म्हणाली, "बस ना नंदू. अम्मिणीअक्का म्हणताहेत तीच बोट जाते."

तिथेच मला वाटलं की हा प्रश्न आता फाट्याचा राहिलेला नाही. उतरून धक्क्यावरच्या माणसांकडून खात्री करून घेतो. तिला सांगून ठेवलं, जागेवरून हलू नकोस.

दुपारी १२.३०, धक्का

बोट गेली.

मी चहाच्या टपरीवर विचारत होतो. घंटा वाजली, मला वाटलं वेग कमी करायची आहे. वळून बघितलं तर मधे दहा-बारा हात पाणी. मी ओरडलो. क्षमा कडेलाच बसली होती, माझ्याकडे तोंड करून. मी छत्री हलवली. ती बघत होती. इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसणार. आणि उन्हाची तिरीप थेट तिच्या डोळ्यांवर होती, मी दिसणंही कठीण.

माझ्याकडे नकाशा, वही आणि छत्री. दोन्ही सॅक बोटीत.

टपरीवाला म्हणतो फाटाबिटा नाही. होता, पुराच्या आधी.

दुपारी ४.४०

कुठल्याही क्षणी येईल. पुढच्या धक्क्यावर उतरून उलट बोट पकडायला दीड तास, फार तर दोन. दरम्यान उलट दिशेने तीन बोटी गेल्या. प्रत्येक वेळी मी उभा राहिलो. तिसऱ्या वेळी टपरीवालाही उभा राहिला.

परकी भाषा आणि एकटी बाई. घाबरली असेल. कुठे शोधायचं तिला? कावालमच्या पुढे म्हणजे नेमकं कुठे, ते मी विचारलं नव्हतं. मला राग आला आहे, पण तो तिच्यासमोर दाखवायचा नाही.

सोमवार, २२ डिसेंबर. अलेप्पी

काल शेवटच्या बोटीने परत आलो. इथल्या धक्क्यावरच्या ऑफिसात माझी सॅक ठेवलेली. संध्याकाळच्या परतीच्या बोटीच्या तिकीटवाल्याबरोबर पाठवली होती. वर बँकेच्या स्लिपच्या मागे तिच्या अक्षरात इंग्रजीत माझं नाव: एन. पी. सबनीस, बँगलोर. आत माझे कपडे तिच्या सॅकमधून काढून नीट भरलेले. गोळ्या वरच्या कप्प्यात. चिठ्ठी अशी: "मी अम्मिणीअक्कांकडे काही दिवस राहतेय. सुखरूप आहे. तू बंगलोरला जा."

मोजे घडी करून ठेवलेत. प्रेम नसेल तर कोण मोज्यांच्या घड्या करेल.

प्रश्न एवढाच की 'काही दिवस' म्हणजे किती. आम्ही चार दिवसांचा प्लॅन केला होता. माणसाने प्लॅनला धरून राहावं.

बुधवार, २४ डिसेंबर. बंगलोर

परत आलो. मुन्नारला जायचा विचार होता, पण पोट बिघडलं. कालव्याच्या पाण्याचा बर्फ. सोयराबाईंनी दार उघडलं, माझ्या मागे जिन्याकडे बघितलं. मी म्हटलं, क्षमा मागाहून येतेय, तिला तिथलं हवापाणी फार आवडलं. त्या म्हणाल्या, "गोत्तु, माहीत आहे. फोन आला होता तिचा."

म्हणजे फोन आहे तिथे. आमच्या घरी फोन नाही, सोयराबाईंकडे आहे, त्यामुळे तिने तिथे केला, यात वावगं काही नाही. मी विचारलं, माझ्यासाठी निरोप? सोयराबाई म्हणाल्या, "दूधवाल्याला अर्धा लिटरच सांगा म्हणाली."

आज पुस्तकाचं पहिलं प्रकरण सुरू केलं. शीर्षक: 'बोटीने केरळ, दोघांसाठी.' दीड पान झालं. बोटीत बसण्यापर्यंत आलोय.

रविवार, २८ डिसेंबर

क्षमा आली. सकाळच्या बसने. काळवंडली आहे, बारीक झालेली नाही. हातात माशांचं लोणचं. आम्ही मासे खात नाही. ती म्हणाली, मी खाल्ले.

मी काहीच बोलायचं नाही ठरवलं होतं. नाश्ता होईपर्यंत बोललो नाही. मग म्हटलं, मी धक्क्यावर सात तास बसलो होतो, कल्पना आहे का? तू ऐकलं नाहीस, ठीक आहे, पण परत यायला काय झालं होतं?

ती म्हणाली, "ऐकलं होतं. अम्मिणीअक्का उठल्या होत्या, सुकाणूवाल्याला थांबव सांगायला. मी त्यांना बसवलं."

मी विचारलं, का.

तिने ताटल्या उचलल्या, मोरीत ठेवल्या, परत येऊन बसली. म्हणाली, "ठरवून नाही केलं. तू लांब लांब होत गेलास आणि मला श्वास घ्यायला बरं वाटायला लागलं. मलाच भीती वाटली त्याची. म्हटलं, अजून थोडं बघू बरं वाटतंय का. सहा दिवस वाटलं."

मी म्हटलं, हा जूनचा राग आहे. बोलून टाक एकदा. मी निरोप मिळाल्या मिळाल्या निघालो होतो.

ती म्हणाली, "निरोप तुला शनिवारी दुपारी मिळाला. रेस्ट हाउसवर माणूस पाठवला होता फॉरेस्टवाल्यांनी. त्यानेच सोयराक्कांना परत फोन केला, साहेबांना सांगितलं म्हणून. तीनला दांडेलीहून बस होती. रात्रभर सोयराक्का माझ्या उशाशी बसल्या होत्या आणि मी दाराकडे बघत होते. तू सोमवारी आलास."

तिला हे सहा महिने माहीत होतं. आणि बोलली नाही. इतकं मनात ठेवणारं माणूस बरोबर असलं की संसार कसा चालायचा.

संध्याकाळी

जीप रविवारी संध्याकाळची होती. सगळ्यांची एकच जीप. बसने आलो असतो तरी हुबळीला थांबावंच लागलं असतं. आणि रविवारी सकाळी काळी नदीत डोंगीची फेरी होती, त्यासाठी दोन महिने आधी नाव दिलं होतं. माणसाने त्या निरोपाने नेमकं काय समजायचं? 'वाइफ नॉट वेल' एवढंच होतं. नॉट वेल म्हणजे काहीही असू शकतं. मी विचार केला, उद्या निघालो तरी चालेल.

हे तिला सांगायला गेलो. डोंगीचं वगळलं. ती झोपली होती, किंवा डोळे मिटून पडली होती. मी सॅकचा पट्टा शिवत बसलो.

बुधवार, ३१ डिसेंबर

अर्जावर सही केली. माझ्यासमोर, जेवणाच्या टेबलावर, माझंच पेन घेऊन. मी म्हटलं, वर्षाच्या शेवटच्या दिवशी असे निर्णय घेऊ नयेत. ती म्हणाली, आज शेवटची तारीख आहे.

बदल्या व्हायला वर्ष-वर्ष लागतं. तोपर्यंत पुस्तक येईल. माणसाचं पुस्तक आलं की घरात त्याच्याकडे बघायची नजर बदलते.

गुरुवार, २२ जानेवारी १९९८

ऑर्डर आली. पुण्याच्या शाखेत जागा रिकामीच होती म्हणे.

घरात भांडण नाही, काही नाही. तिने मला वॉशिंग पावडर कुठे मिळते ते दाखवलं. मी म्हटलं, मला माहीत आहे. माहीत नव्हतं.

दुपारी मी माफी मागितली. नीट, बसून. क्षमा माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तू आत्ता म्हणालास, 'जे झालं त्याबद्दल.' काय झालं ते म्हण ना."

मी म्हणायला लागलो. मी तेव्हा नव्हतो, इथपर्यंत म्हणालो. मग फॉरेस्टच्या माणसाला इंग्रजी नीट येत नव्हतं, हे सांगायला लागलो. ती उठून गॅलरीत गेली. कपडे आधीच वाळले होते, ती तिथेच उभी राहिली.

शनिवार, ७ फेब्रुवारी

गेली. स्टेशनवर सोयराबाई आणि त्यांचे यजमान प्रतापराव दोघेही आले होते. सोयराबाई रडल्या. डब्यात तिची सीट खिडकीची, रिझर्व्हेशन केलेलं.

मी सांगितलं, पाडव्याला येतो. ती म्हणाली, "नको येऊस." शांतपणे. जास्त भाजी नको म्हणताना म्हणतात तसं.

प्रवासाच्या गडबडीत माणूस काहीही बोलतो. पाडवा अजून लांब आहे.

मंगळवार, २४ फेब्रुवारी. संध्याकाळी

ऑफिसातून आलो तर दारात पोस्टकार्ड. क्षमाच्या नावावर. केरळचा शिक्का, मजकूर कन्नडमध्ये, बारीक आणि दोन्ही बाजूंनी भरलेला. अम्मिणीबाईंचंच.

दुसऱ्याचं पत्र वाचू नये, पण पोस्टकार्ड ही उघडी गोष्ट आहे. आणि वाचता येत नसेल तर वाचलं असं होतच नाही. तरी अर्धा तास बघत बसलो. माझं नाव कन्नडमध्ये कसं दिसतं ते माहीत नाही. एका ठिकाणी दोनच अक्षरांचा शब्द होता, तो असेल असं वाटलं. बोटीवर त्या बाई माझ्याकडे कशा बघत होत्या ते आठवलं. काय लिहिलं असेल? असा कसा तुझा नवरा, असंच. किंवा उलट: चुकतो माणूस, सांभाळून घे. तेही असू शकतं, वयस्कर बाई आहेत. काहीही असो, उत्तर द्यायची माझी तयारी झाली. मुद्दे काढले. मग खाली सोयराबाईंकडे गेलो.

त्यांनी चष्मा लावून उभ्यानेच वाचलं. मधे एकदा हसल्या. मी विचारलं, काय लिहिलंय. म्हणाल्या, कापणी झाली. गुडघा दुखतोय. सकाळच्या बोटीची वेळ बदलली, आता सव्वासात. मांजरीला तीन पिल्लं झाली, एक क्षमाचं म्हणून ठेवलंय. झोप लागते का, लोहाच्या गोळ्या घेतेस का. पावसाळ्यात ये.

मी विचारलं, आणि माझ्याबद्दल?

सोयराबाईंनी कार्ड उलटं करून पत्त्याची बाजूही बघितली. म्हणाल्या, "तुमचं काही नाही यात."

मी तो दोन अक्षरांचा शब्द दाखवला. म्हणाल्या, "हे? हे दोणी. दोणी म्हणजे होडी."

कार्ड पुण्याला पाठवायला हवं. क्षमा आईकडे राहत नाही, कुठेतरी खोली घेतली आहे. पत्ता माझ्याकडे नाही. सोयराबाईंकडे आहे. त्यांनी कार्ड माझ्या हातात परत दिलंच नाही. म्हणाल्या, "ठेवा इथंच. मी लिहिते पत्ता." आणि मोटर चालू करायची वेळ झाली म्हणून आत गेल्या.